अ‍ॅम्ब्युलन्स नाक्यावर, पेशंट डोंगरावर

प्रश्न : ताई, आम्ही कळव्याला घोलाईनगरकडे डोंगरावरच्या चाळीत राहतो. मध्यंतरी शेजारच्या काकांच्या छातीत रात्री कळ आली, १०८ ला फोन लावला, गाडी खाली आलीपण, पण वर येणार कशी, गल्लीत दोन माणसं धड शेजारून जात नाहीत आणि त्यात बाइका लावलेल्या. शेवटी चादरीत घालून उतरवलं, काका वाचले. आता मंडळातली पोरं म्हणतायत, यंदाच्या वर्गणीतून आपलीच अ‍ॅम्ब्युलन्स घेऊ. घ्यावी का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : नका घेऊ. घेतलीत तरी ती उभी राहणार नाक्यावरच ना, जिथे १०८ उभी होती! शिवाय रात्रपाळीचा ड्रायव्हर, ऑक्सिजन, इन्शुरन्स हे सगळं वर्षानुवर्षं कोण बघणार? गाडी बंद पडलेली आणि तिच्यावरचा नगरसेवकांचा फोटो तेवढा चकाचक, असं चित्र तुम्हीही पाहिलं असेलच. १०८ राज्यात २०१४ पासून चालू आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो, तो मंडळाला परवडायचा नाही.

महापालिकेचं शिवाजी हॉस्पिटल तर कळव्यातच आहे, म्हणजे लांब पडतं असंही नाही. तुमचा वेळ खातात त्या पायऱ्या, तेव्हा पैसे तिथे घाला. पट्टे असलेलं घडीचं स्ट्रेचर आणि पायऱ्यांवरून उतरवता येईल अशी खुर्ची घ्या, मंडळाच्या खोलीत ठेवा आणि चावी दोन-तीन घरांत द्या, नाहीतर ऐनवेळी चावीवाला गावाला गेलेला असतो. फोन झाला की एकाने नाक्यावर पळायचं, बाकीच्यांनी बाइका हलवायच्या. आणि छातीत दुखणाऱ्याला चालवत खाली आणायचं नाही, तो कितीही म्हणाला की मला जमतंय तरी!

दुसरं म्हणजे सीपीआर, हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहायचं ते, चाळीत सगळ्यांना शिकवून ठेवा. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर थांबू नका. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल असं जोरात दाबायचं. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि तुमच्याकडे गाडीतला डॉक्टर वर पोचेपर्यंतच किती मिनिटं जातात ते तुम्हालाच माहीत. शिकवताना पोरांबरोबर बायकांनाही बसवा, दुपारी चाळीत त्याच असतात.

प्रभाग समितीकडे सह्यांचा अर्ज द्या : घरांना मोठे नंबर, गल्लीच्या तोंडाशी नो पार्किंग, नाक्याजवळ १०८ ची गाडी कायम उभी. फोन केल्यापासून गाडी यायला सरासरी किती वेळ लागतो, हे माहिती अधिकारात विचारा. आकडा हातात असला की साहेब जरा नीट बोलतात.

प्रश्न : १०८, १०२, ११२, नेमका कुठला लावायचा? खासगी हॉस्पिटलने आधी डिपॉझिट मागितलं तर?
– एक वाचक, तुर्भे स्टोअर

उत्तर : जिवावर बेतलंय तर १०८. बाळंतपण, बाळंतीण किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर १०२. मारामारी, अपघात, पोलीसही हवेत तर ११२. डिपॉझिटचं म्हणाल तर, इमर्जन्सीत आधी प्राण वाचवायचे, बाकीचं सगळं मग, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. आणि जखमीला आणून सोडणाऱ्याला अडकवून ठेवता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तसं कलमच आहे. फोन लागला की आधी पत्ता आणि खूण सांगा, काय झालंय ते मग, म्हणजे फोन मध्येच कट झाला तरी गाडी निघते.