विवरणपत्र गेले, पण स्वीकारले गेले का?

करसल्ल्याचे काम करणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकात घेतली आहेत. कायद्याच्या कलमांचे प्रश्न येथे नाहीत. विवरणपत्र संगणकावर तयार करताना आणि पोर्टलवर चढवताना जे अडते, तेवढ्यापुरतेच हे सदर आहे. कर खाते कोठलेही असले तरी या अडचणींचे स्वरूप सारखेच असते.

प्रश्न : मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी मी एका अशिलाचे विवरणपत्र पाठवले. सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या अक्षरांत ‘पाठवले’ असे दिसले, म्हणून मी काम संपल्याची नोंद केली. तीन आठवड्यांनी अशिलाला विवरणपत्र न भरल्याबद्दल नोटीस आली. चूक नेमकी कोठे झाली आणि आता काय करावे?

उत्तर : ‘पाठवले’ हा शब्द तुमच्या सॉफ्टवेअरचा आहे, कर खात्याचा नव्हे, आणि सगळा घोटाळा तेथेच झाला आहे. फाईल तुमच्या संगणकावरून बाहेर पडली एवढेच ते हिरवे अक्षर सांगते. पुढे खात्याची यंत्रणा आधी फाईलचा साचा तपासते, म्हणजे प्रत्येक रकान्यात अपेक्षित प्रकारची माहिती आहे की नाही ते पाहते. त्यानंतर ती माहिती खात्याकडील नोंदींशी जुळते का, याच करदात्याचे याच वर्षाचे विवरणपत्र आधी आलेले नाही ना, अशा तपासण्या होतात. यांपैकी कोठेही अडले तर फाईल नाकारली जाते, आणि नकाराचा तो निरोप कित्येकदा सॉफ्टवेअरच्या अशा एखाद्या पानावर येऊन पडतो की जे मुद्दाम उघडल्याखेरीज दिसत नाही. स्वीकृतीची पोचपावती, तिचा क्रमांक आणि तिच्यावरची तारीख या तीन गोष्टी हाती आल्याशिवाय फाईल कपाटात जाऊ नये, हा नियम कार्यालयात सर्वांना लावावा.

आता तुमच्या प्रकरणाविषयी. नकाराचा निरोप शोधून तो जसाच्या तसा जतन करा, त्यातील सांकेतिक क्रमांकासह. निरोपाचा गोषवारा स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवण्याची सवय अनेकांना असते, पण मदत केंद्राला गोषवाऱ्याचा काही उपयोग होत नाही. काही कर यंत्रणांत, मुदतीत पाठवलेले विवरणपत्र नाकारले गेले आणि ते ठरावीक दिवसांत दुरुस्त करून पुन्हा पाठवले, तर ते वेळेत आले असे धरण्याची सोय असते. तीन आठवड्यांनंतर ती सोय मिळण्याची शक्यता कमी आहे. तरीही मूळ प्रयत्नाची वेळ दाखवणारी नोंद नोटिशीच्या उत्तरासोबत जरूर जोडा. अशिलालाही खरी हकीकत सांगा. ‘सर्व्हर बंद होता’ हे कारण आपल्या व्यवसायात इतके वापरून झाले आहे की ते खरे असते तेव्हाही कोणी मानत नाही.

उलट प्रकारची चूकही होते. पडदा गोठला की माणूस अस्वस्थ होऊन पुन्हा बटण दाबतो, आणि पहिली फाईल खरे तर पोचलेली असल्यामुळे दुसरी ‘आधीच दाखल’ म्हणून नाकारली जाते. मग त्या नकाराने घाबरून तिसरी फाईल जाते. पडदा गोठला तर आधी पोर्टलवर स्वतंत्रपणे प्रवेश करून दाखल विवरणपत्रांची यादी पाहावी, मगच काय ते ठरवावे.

प्रश्न : बँकेने दिलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) मी एक्सेलमध्ये उघडते आणि तेथून खाते क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये घेते. काही क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गळतात आणि काही क्रमांकांच्या शेवटी भलतेच शून्य येते. बँक म्हणते, फाईल बरोबर आहे.

उत्तर : बँकेचे म्हणणे बरोबर आहे. सीएसव्ही फाईलवर दोनदा क्लिक केले की एक्सेल तिच्यातील प्रत्येक आकड्यांच्या ओळीला ‘संख्या’ समजते. संख्येच्या आधीच्या शून्यांना अर्थ नसतो, म्हणून ती गळतात. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक सांभाळते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये ठेवते. समजा, मूळ क्रमांक ४८२१०९३७५५१६२७४३ असा सोळा अंकी आहे. पडद्यावर तो ४.८२१०९ई+१५ असा आखडलेला दिसतो. रकान्याचे स्वरूप बदलून तो पूर्ण दिसायला लावला की ४८२१०९३७५५१६२७४० असा दिसतो. शेवटचा ३ गेला, आणि तो परत येणार नाही, कारण नंतर रकान्याला ‘मजकूर’ हे स्वरूप दिले तरी जे हरवले ते एक्सेलकडे उरलेलेच नसते. त्यातून फाईल जतन केली असेल तर मूळ प्रतही बिघडली.

म्हणून सीएसव्ही फाईल कधीही थेट उघडू नये. आधी कोरे पान उघडावे, ‘डेटा’ या विभागातून फाईल आत घ्यावी आणि आत घेतानाच त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा निवडावा. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय पर्यायांच्या ‘डेटा’ विभागात आली आहे. तीही वापरावी, पण सहकाऱ्याच्या संगणकावर ती लावलेली असेलच असे धरू नये. तारखांचाही हाच रोग आहे. ०३/०४ ही तीन एप्रिल की चार मार्च, हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते, आणि बाराच्या पुढचा दिवस असलेल्या तारखाच तेवढ्या चुकीच्या म्हणून उठून दिसतात. बाकीच्या निमूटपणे उलटतात.

प्रश्न : अशिलाचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच टाकले, अक्षर न अक्षर ताडून पाहिले, तरी पोर्टल ‘नाव जुळत नाही’ असेच म्हणते. असे कसे?

उत्तर : नाव तुम्ही टंकले की पीडीएफमधून उचलून डकवले, ते पत्रात लिहिलेले नाही. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे. पीडीएफमधून किंवा संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात साध्या रिकाम्या जागेऐवजी किंवा नावाच्या शेवटी जादा असे ‘न तुटणारी जागा’ म्हणून ओळखले जाणारे वेगळे चिन्ह येऊ शकते. ते डोळ्यांना साध्या जागेसारखेच दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगळे अक्षर आहे. एक्सेलचे ‘ट्रिम’ हे सूत्रही ते काढत नाही, कारण ते साध्या जागाच ओळखते. जादा चिन्ह आहे का हे पडताळायचे असेल तर ‘लेन’ सूत्राने जागांसह अक्षरे मोजा. बोटांवर मोजलेली संख्या तेरा आणि सूत्राने सांगितलेली चौदा आली, तर एक न दिसणारा पाहुणा आत बसला आहे असे समजा. शोधत बसण्यापेक्षा ते नाव पूर्ण पुसून हाताने टंकावे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी लोकांनी मदत केंद्राच्या रांगेत दुपार घालवल्याचे मी पाहिले आहे.

नाव देवनागरीत द्यायचे असेल तर आणखी एक गंमत आहे, जी आपल्या भाषेपुरतीच आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी आडनावे. म्हणून ‘सगळी अदृश्य चिन्हे काढून टाका’ हा सरसकट सल्ला मराठी नावांना लावू नये, कारण दुसऱ्या प्रकारातले ते जोडचिन्ह काढले की ‘कुर्हाडे’ असे दिसू लागते.

प्रश्न : ब्राउझर अद्ययावत झाल्यापासून डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन ओळखले जात नाही. नवीन टोकन घ्यावे का?

उत्तर : इतक्यात नको. स्वाक्षरी करताना एका साखळीतील चार कड्या काम करतात : टोकन (स्वाक्षरीचे प्रमाणपत्र ज्यात साठवलेले असते ते), त्याचा ड्रायव्हर (संगणकाला टोकनशी बोलता यावे म्हणून बसवलेला प्रोग्राम), संगणकात मागे चालू राहणारा स्वाक्षरीचा छोटा प्रोग्राम आणि ब्राउझर. पूर्वी मधल्या प्रोग्रामचे काम ब्राउझरमध्येच चालणारी जावाची पुरवणी करीत असे. क्रोमने अशा पुरवण्यांचा आधार २०१५ साली काढून टाकला, आणि त्यांच्यासाठी पुष्कळांनी सांभाळून ठेवलेला इंटरनेट एक्स्प्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. त्यामुळे मधला प्रोग्राम स्वतंत्र झाला, आणि तो सुरूच नसणे हे ‘टोकन दिसत नाही’ या तक्रारीचे नेहमीचे कारण आहे. आधी टोकनसोबत आलेल्या व्यवस्थापक प्रोग्राममध्ये प्रमाणपत्र दिसते का ते पाहा. तेथे दिसले, तर टोकन आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत आणि दोष पुढच्या दोन कड्यांत आहे. प्रमाणपत्राची मुदत त्याच पडद्यावर लिहिलेली असते, तीही वाचा. दोन अशिलांची टोकने एकाच वेळी लावलेली असतील तर एक काढा. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, कारण ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होते आणि मग मात्र खरोखरच नवे घ्यावे लागू शकते.

विचारलेले नसताना एक सांगतो. तुमच्या पत्रात ‘आमच्याकडील अशिलांची टोकने’ असा उल्लेख आहे. बऱ्याच कार्यालयांत एका डब्यात वीस-पंचवीस टोकने आणि प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदावर पिन असा प्रकार असतो. सोयीचे असते, मान्य. पण ती त्या माणसाची सही आहे, आणि त्याच्या माघारी ती वापरणे म्हणजे त्याच्या नावाने सही करणे. विवरणपत्रात उद्या काही निघाले आणि ‘मी पाहिलेच नव्हते’ असे अशील म्हणाला, तर त्या डब्याचे स्पष्टीकरण तुम्हाला द्यावे लागेल.

प्रश्न : मोबाईलवरील ऑथेंटिकेटरचा सहा अंकी कोड प्रत्येक वेळी चुकीचा ठरतो. एसएमएसने येणारा ओटीपी मात्र चालतो.

उत्तर : मोबाईलचे घड्याळ पाहा. हा कोड कोणी पाठवत नाही. एक गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांवरून मोबाईल तो स्वतः काढतो, आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी तो बदलतो. घड्याळ दोन-तीन मिनिटे पुढे-मागे असेल तर कोड चुकणारच. तारीख व वेळ ‘आपोआप’ वर ठेवा.

प्रश्न : सॉफ्टवेअरची बेरीज आणि माझी बेरीज यांत एकाचा फरक येतो व त्यावरून फाईल अडते.

उत्तर : प्रत्येक रक्कम आधी पूर्णांकात आणून मग बेरीज करायची, की बेरीज करून मग पूर्णांकात आणायची, हा प्रश्न आहे. प्रत्येकी १०.४ अशा तीन रकमा घ्या. आधी पूर्णांकात आणल्या तर ३०, नंतर आणल्या तर ३१.२ चे ३१. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. खात्याच्या फॉर्मसोबतच्या सूचनांत जी सांगितली असेल ती संपूर्ण विवरणपत्रात एकसारखी वापरावी. बेरजेच्या रकान्यात हाताने आकडा भरून तो जुळवून घेणे हा उपाय नव्हे. त्या रकान्यावर आधारलेले पुढचे तक्ते मग जुळत नाहीत.

प्रश्न : सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत गेल्या वर्षीच्या फायली उघडत नाहीत. बॅकअप आहे, पण तोही उघडत नाही. शिवाय कार्यालयातले दोन संगणक अजून विंडोज १० वर आहेत, त्यांचे काय?

उत्तर : बॅकअप परत उघडून कधी पाहिला होता, याचे उत्तर पत्रात नाही, आणि बहुधा ते ‘कधीच नाही’ असे असावे. नवी आवृत्ती काढू नका. जुनी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर बसवून बॅकअप तेथे उघडा. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, फक्त ज्या आवृत्तीत घेतला तिच्याखेरीज इतरांना वाचता येत नाही. फायली उघडल्या की प्रत्येक अशिलाचे विवरणपत्र, पोचपावती आणि गणनेचा तक्ता पीडीएफमध्ये काढून ठेवा. पोर्टलवर चढवलेली मूळ फाईलही तिच्याशेजारी ठेवा. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी बदलली किंवा बुडाली तरी हे कागद वाचता येतील. बॅकअपची डिस्क मात्र संगणकाला कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीन चालू राहील, पण वाढीव सुरक्षा अद्यतनांची वेगळी योजना घेतलेली नसेल तर त्यात सापडणाऱ्या नव्या फटी बुजवल्या जाणार नाहीत. इतरांच्या उत्पन्नाचे, बँक खात्यांचे आणि ओळखपत्रांचे कागद अशा यंत्रावर ठेवणे मला पटत नाही. यंत्र नवी प्रणाली पेलत नसेल तर त्याचे इंटरनेट काढून घ्या. जुनी आवृत्ती बसवून गेल्या वर्षीचा बॅकअप उघडण्यासाठी तुम्हाला एक संगणक हवाच आहे; त्या दोहोंपैकी एक त्याला चालेल.