पाणी नुसते अडवू नका, त्याला वाट द्या: धो-धो पावसाच्या शहरालगतच्या शेतीसाठी कृषी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो,

डोंगरउतारावर वसलेल्या, भरपूर पावसाच्या शहराच्या कडेला शेती करणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देत आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यामागचे दुखणे एकच आहे: मातीची धूप.

प्रश्न: शेताचा वरचा भाग दरवर्षी कमी पिकतो. खत वाढवले तरी फरक नाही. ओघळ तर कुठेच पडलेले नाहीत. मग माती गेली असे कसे म्हणायचे?

ओघळ दिसत नाहीत म्हणून माती शाबूत आहे असे धरून चालू नका. धुपीची सुरुवात थेंबापासून होते. टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 9 मीटर, म्हणजे ताशी 32 किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो आदळला की ढेकूळ फुटते आणि कण उडतात. सपाट जागी ते चहूकडे सारखे पडतात, उतारावर मात्र खालच्या अंगाला जास्त जातात. फुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबते आणि सगळ्या शेतावरून पातळ थराने वाहू लागते. हीच सालकाढी धूप. ओघळ आणि घळी या तिच्या पुढच्या पायऱ्या आहेत, आणि त्या दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

हिशेब करून पाहा. एका हेक्टरवरून फक्त 1 मिलिमीटर थर गेला तर ती माती 10 घनमीटर भरते, वजनात साधारण 13 टन. एवढी माती गेली तरी उभ्या शेतात नजरेला काही कळत नाही. शिवाय आधी जाते ते हलके, बारीक आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेले, म्हणजे नत्र-स्फुरद धरून ठेवणारेच सगळे. मागे जाड वाळू आणि खडे राहतात. अशा जमिनीत खत टिकत नाही, म्हणून खत वाढवूनही पीक वाढत नाही. त्यात आणखी खत टाकण्याआधी माती थांबवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खात्री करायची असेल तर जोराचा पाऊस ओसरल्यावर शेतात फिरा आणि सपाट खड्यांखाली बघा. खड्याने झाकलेली माती बोटभर उंचीच्या खांबासारखी उभी असते आणि भोवतालची गेलेली असते. त्या खांबाची उंची म्हणजे तिथून गेलेल्या मातीची जाडी. झाडांची उघडी पडलेली मुळे आणि कुंपणाच्या खांबांचे मोकळे झालेले बूडही हेच सांगतात. वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक लोखंडी सळई ठोकून जमिनीलगत रंगाची खूण करा. हंगामाच्या शेवटी वरच्या सळईची खूण जमिनीपासून किती वर आली आणि खालची किती गाडली गेली ते मोजा. मग कुणाच्या सांगण्यावर विसंबायला नको.

यावर पहिला उपाय म्हणजे आच्छादन. काडीकचरा, पालापाचोळा, तण उपटून तिथेच पसरणे, पिकाच्या ओळींत पसरट वाढणारे कडधान्य घेणे, यांपैकी जे जमेल ते करा. मात्र पहिल्या मोठ्या पावसात जमीन उघडी नको. पेरणीपूर्वी रान स्वच्छ, भुसभुशीत करून ठेवायची आपली सवय अशा पावसात घातक ठरते. नांगरट, पेरणी, कोळपणी सगळे उताराला आडवे करा. उताराच्या दिशेने काढलेला नांगराचा प्रत्येक तास (सरी) पाण्यासाठी आयता पाट असतो.

प्रश्न: आम्ही मातीचे बांध घातले, पण दरवर्षी फुटतात. फुटले की आधीपेक्षा मोठी घळ पडते. बांध अजून उंच करावेत का?

उंच करू नका. तुमच्या बांधात चूक असलीच तर ती बहुधा उंचीची नसून दिशेची आहे.

अगदी समपातळीत घातलेला बांध पाणी जागीच अडवतो आणि मुरवतो. कमी पावसाच्या, पाणी पटकन जिरवणाऱ्या जमिनीत तो उत्तम. तुमच्याकडे जमीन काही दिवसांतच तुडुंब भिजते. त्यानंतर पडणाऱ्या पाण्याला मुरायला जागाच उरत नाही. पाणी बांधामागे साचते, जिथे बांध जरा खचलेला असतो तिथून उलटते आणि साठलेले सगळे पाणी त्या एकाच जागेवरून सुटते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती कापायची ताकद चौपट होते, आणि गाळ वाहून नेण्याची क्षमता तर त्याहून कितीतरी जास्त वाढते. फुटलेल्या बांधाखाली एका रात्रीत घळ पडते ती त्यामुळेच.

जास्त पावसात ढाळीचे बांध घालतात. बांधाला एका टोकाकडे अगदी हलका ढाळ द्यायचा, 100 मीटर लांबीला 20 ते 40 सेंटीमीटर. पाणी बांधाच्या वरच्या अंगाने चालत राहते, पण माती कापण्याइतका वेग घेत नाही. हा ढाळ डोळ्यांनी ठरवू नका, डोंगराच्या पार्श्वभूमीवर नजर हमखास फसते. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्या. दोन माणसांनी 10 मीटर अंतरावर उभे राहायचे आणि प्रत्येक टप्प्याला पुढची खुंटी मागच्या खुंटीपेक्षा 3 सेंटीमीटर खाली येईल अशी जागा शोधायची. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळी मापे चुकतील.

ढाळाच्या टोकाला पाणी कुठे सोडणार, हे बांध घालण्याआधी ठरले पाहिजे. मी पाहिलेले बरेचसे बांध इथेच गडबडलेले असतात. टोकाला गवत चांगले धरलेला, रुंद आणि उथळ पाट हवा. गवत लावून ते नीट रुजायला एक हंगाम लागतो, म्हणून पाट आधी आणि बांध नंतर. पाट जिथे खाली उतरतो तिथे अनघड दगडांचे छोटे आडवे बांध घाला. त्यांचा मध्य कडांपेक्षा खोलगट ठेवा, म्हणजे पाणी मधूनच जाईल आणि काठ कापणार नाही.

उतार फार तीव्र असेल तर मातीचे बांध पुरत नाहीत, तिथे मजगी, म्हणजे उतार कापून सपाट पायऱ्या, करावी लागते. पायऱ्यांना किंचित आतल्या बाजूला उतार द्या, म्हणजे पाणी कडेवरून न कोसळता आतल्या चरीतून निघेल. एवढा खर्च झेपत नसेल तर वाळ्याच्या ओळी लावा. उताराला आडव्या, उंचीत एक ते दीड मीटर फरक पडेल तिथे एक ओळ, ठोंब 10 ते 15 सेंटीमीटरवर. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि शेजारच्या पिकाला फारसा त्रास देत नाहीत. ओळ गच्च झाली की गाळ तिच्या मागे साचत जातो आणि काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. मला हा उपाय फार आवडतो, कारण यात फुटण्यासारखे काही नाही.

प्रश्न: आमच्या वर डोंगर कापून घरे आणि रस्ता झाला. तेव्हापासून शेतात घळ पडली आहे. याला आम्ही काय करणार?

हे दुखणे तुमच्या शेतात दिसत असले तरी त्याचे कारण वर आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर 5,000 लिटर, आणि अशी 20 छपरे असतील तर 1 लाख लिटर. हे पाणी पूर्वी झाडीत, गवतात अडखळत, मुरत खाली यायचे. आता छपरावरून रस्त्यावर आणि रस्त्याच्या एका मोरीतून थेट तुमच्या बांधावर येते. बांधकामाच्या उघड्या मातीचे ढीगही त्याच पाण्याबरोबर येतात.

शेताच्या वरच्या हद्दीवर वळणचर काढा आणि हे पाणी शेतात शिरण्याआधीच नैसर्गिक ओढ्याकडे न्या. शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. पाणी कुठून जाईल हे वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे. मोरीच्या तोंडाशी दगडांची फरसबंदी करून घ्यावी, पाण्याचा जोर तिथेच मोडतो. स्थानिक प्रशासनाकडे अर्ज द्यायचा तर पाऊस चालू असतानाचे, पाणी मोरीतून कसे येते हे दाखवणारे फोटो जोडा. मार्गी लावण्यासारख्या तीन गोष्टी मागा: बांधकामाची माती पावसाआधी झाकणे किंवा हलवणे, कापलेल्या दरडीवर गवत लावणे, आणि संरक्षक भिंतीला पाणी निघायला छिद्रे ठेवणे. छिद्रे नसलेल्या भिंतीमागे पाणी साचते, भार वाढतो आणि भिंत मातीसकट खाली येते.

आणि एक काळजीची गोष्ट. कापलेल्या दरडीच्या वर जमिनीला नव्या भेगा दिसल्या, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ आले, तर ती धूप नव्हे, दरड कोसळण्याची पूर्वखूण आहे. तिथे बांधबंदिस्तीच्या भानगडीत पडू नका. माणसे आणि जनावरे हलवा आणि लगेच प्रशासनाला कळवा.

प्रश्न: आमची माती शहराच्या गटारांत आणि तळ्यात जाऊन बसते. तो गाळ परत आणून शेतात टाकावा का?

तळ्यातला गाळ असेल तर जरूर आणा. त्यात तुमच्याच शेतातले बारीक कण आणि सेंद्रिय द्रव्य असते, आणि तो काढल्याने तळ्यात पाणीही जास्त मावते. आधी नमुना माती तपासणीला द्या, गाळ थोडा वाळू द्या आणि पातळ थर पसरून जमिनीत मिसळा. जाड थर नुसता वर पडून राहिला तर पाणी मुरू देत नाही. ज्या तळ्यात शहराचे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी उतरते, त्याचा गाळ मात्र नको. गटारातला गाळही शेतात घेऊ नका: त्यात प्लॅस्टिक, वाहनांचे तेल, सांडपाणी असते, आणि जड धातू एकदा जमिनीत उतरले की काढता येत नाहीत.

गटारे तुंबण्याचा संबंध मात्र तुमच्या शेताशी आहे. माती बसली की गटाराची खोली कमी होते, तेवढ्याच पावसात पाणी रस्त्यावर आणि घरांत शिरते. नगरपालिकेकडे शेताच्या वरचे पाणी वळवण्याची मागणी करताना हेही लिहा. गाळ उपसण्याचा खर्च दरवर्षी त्यांनाच करावा लागतो.