मिथेनचा आलेख थांबून पुन्हा का चढला?

प्रश्न : वातावरणातल्या मिथेनचा आलेख १९९९ ते २००६ या काळात जवळपास सपाट दिसतो आणि २००७ पासून पुन्हा चढतो. खनिज वायूची गळती वाढल्यामुळे असे झाले का?

उत्तर : आधी सपाट भागाविषयी. त्या वर्षांत मिथेन बाहेर पडणे थांबले नव्हते. हवेतले हायड्रॉक्सिल कण (ओएच) वर्षाला जेवढा मिथेन नष्ट करत होते, साधारण तेवढाच नवा येत होता. म्हणून जागतिक सरासरी दर अब्ज रेणूंमागे १७७५च्या आसपास रेंगाळली. आज ती १९२०च्या पुढे आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी ७२०-७३० होती.

गळती आहेच, आणि ती बुजवायलाच हवी. पण २००७नंतरच्या चढाचा मोठा वाटा सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या मिथेनचा दिसतो. कार्बनचे हलका कार्बन-१२ आणि जड कार्बन-१३ असे दोन प्रकार असतात; हे सूक्ष्मजीव हलका कार्बन-१२ जास्त वापरतात. त्यामुळे पाणथळ जागा, भातखाचरे, गुरांचे पोट आणि कचरा डेपो यांतून येणाऱ्या मिथेनमध्ये कार्बन-१३ कमी असतो: प्रमाणित नमुन्यापेक्षा हजारी सुमारे ६० कमी. खनिज वायूत ही तूट साधारण ४५, तर जळत्या गवता-लाकडाच्या धुरात २५च्या आसपास असते. सुमारे दोनशे वर्षे हवेतला मिथेन जड होत आला होता, म्हणजे त्यातला कार्बन-१३चा वाटा वाढत होता. २००७च्या सुमारास दिशा उलटली आणि तो हलका होऊ लागला.

इथे घाई करू नये. काही कोळसा थरांतला वायूही सूक्ष्मजीवांनीच बनवलेला असतो, म्हणजे हलका. वणवे घटले तरी सरासरी हलकी होते आणि खनिज वायूची वाढ त्याआड झाकली जाते. शिवाय ओएच हलका मिथेन किंचित लवकर संपवतो, म्हणून ओएच घटला तरी उरलेला मिथेन हलकाच दिसतो. २०२०च्या टाळेबंदीत नायट्रोजन ऑक्साइड कमी झाल्याने ओएच घटला, त्याच सुमारास उष्ण कटिबंधातल्या पाणथळ जागाही जास्त भिजल्या. २०२१ची वाढ दर अब्ज रेणूंमागे १७हून अधिक झाली, १९८३पासूनच्या जागतिक मोजणीतली सर्वांत मोठी.

आलेख वाचताना एकच ठिकाण घेतले असेल, तर जुलैची जानेवारीशी तुलना करू नका. गोव्यात काबो द रामा इथे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेसाठी १९९३पासून काही वर्षे काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरून घेतली जात असे. तिथे पावसाळ्यात दक्षिण गोलार्धाची, कमी मिथेनची हवा येते; हिवाळ्यात जमिनीवरची, जास्त मिथेनची. म्हणून एका जुलैची तुलना दुसऱ्या जुलैशीच करावी.