खणातला ब्लॅकबेरी परत वापरात आणताय?

प्रश्न : दादा, मी आधी औषध कंपनीत होतो तेव्हा ऑफिसने ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० दिला होता, नोकरी सोडली तेव्हा कोणी परत मागितलाच नाही. परवा खण आवरताना सापडला, चार्जिंगला लावला तर चक्क चालू झाला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांचा एवढा वैताग आलाय की आता हाच रोजचा फोन करावा असं डोक्यात आहे. कॉल, मेसेज आणि जमलं तर ईमेल, बास. चालेल का? बायको म्हणते भंगारात घाला. (एक वाचक, सांगली)

उत्तर : वहिनींना म्हणावं जरा दम धरा. कॉल आणि मेसेजला चालेल, ईमेलचं मात्र विसरा. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, कारण हा फोन मुळात ईमेलसाठीच तर बनवलेला.

गंमत अशी की ब्लॅकबेरी स्वतः मेल आणायला जायचाच नाही. रिसर्च इन मोशन, म्हणजे ब्लॅकबेरी बनवणारी कॅनडातल्या वॉटर्लूची कंपनी, तिचे सर्व्हर तुमच्या वतीने मेलबॉक्समध्ये बघत बसायचे, मेल आला की उचलायचे, दाबून छोटा करायचे आणि फोनकडे ढकलायचे, म्हणून तर त्या काळच्या रडतखडत चालणाऱ्या एजवर, म्हणजे टूजीवरच्या इंटरनेटवर सुद्धा मेल टपकन यायचा आणि वर उजवीकडे लाल दिवा लुकलुकायला लागायचा. ऑफिसचा फोन असेल तर मध्ये ऑफिसचा पण एक सर्व्हर असायचा, एवढाच फरक. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीच्या नेटवर्कमधलं एक मुख्य यंत्र, ज्याला स्विच म्हणतात, ते बसलं, त्याच्या जागी जो पर्यायी स्विच सुरू व्हायला हवा होता तोही झाला नाही, आणि युरोप, आखातापासून आपल्याकडेपर्यंत लोकांचे मेल तीनेक दिवस गडबडले. तुम्ही तेव्हा नोकरीत असाल तर आठवत असेल. शेवटी ४ जानेवारी २०२२ ला कंपनीने जुन्या ब्लॅकबेरींसाठीची सेवाच बंद केली. आता तुमच्या वतीने मेलबॉक्सकडे बघायला तिकडे कोणी नाही. तुमच्या स्क्रीनवर कोपऱ्यात एज हा शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत दिसायचा ना, तो आता दिसला तरी स्मॉल अक्षरांत दिसेल. त्याचा अर्थ टॉवर मिळालाय पण ब्लॅकबेरीची सेवा नाही.

वायफाय आहे की, असं म्हणाल. आहे, जोडलं पण जाईल, पण त्यातला ब्राउझर इतका जुना आहे की आजच्या बहुतेक साइट्स त्याला दारातूनच परत पाठवतात, त्यांना जी नवी सुरक्षा लागते ती त्याला येतच नाही. व्हॉट्सॲप तर २०१७ संपतानाच गेलं त्याच्यावरून. तुम्हाला तेच हवंय म्हणा.

कॉल आणि एसएमएस टेलिकॉम कंपनीच्या टॉवरवरून जातात, ते चालतात. कंपनीने २०२२ मध्ये त्याचीही हमी नाही असं सांगून हात वर केले होते, तेव्हा घरात आजारी माणूस असेल तर या एका फोनच्या भरवशावर राहू नका. सिमचं म्हणाल तर ८५२० हा निव्वळ टूजी फोन, थ्रीजी सुद्धा नाही त्यात. जिओचं सिम घातलंत तर ढिम्म हलणार नाही कारण त्यांच्याकडे टूजी नाहीच. एअरटेल, व्हीआय नाहीतर बीएसएनएल घ्या. आणि दुकानदार सवयीने सिम कार्डातून बारकं मोडून देतो, त्याला आधीच सांगा की मोठं ठेव, याला जुन्या मापाचं लागतं, बॅटरीच्या खाली बसतं. ॲडॅप्टर लावून बारकं घालता येतं पण ते काढताना अडकतं आणि आतली पिन वाकली की फोन गेला.

सिम घातल्यावर पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल नेटवर्कमधली डेटा सर्व्हिस बंद करा. नाहीतर बिचारा फोन बंद पडलेल्या सर्व्हरला हाका मारत बसेल आणि बॅटरी खाईल. बॅटरीवरून आठवलं, मागचं झाकण काढून आधी ती टेबलावर ठेवून बघा. फुगली असेल तर भोवऱ्यासारखी गरकन फिरते, तशी फिरली तर परत आत घालू नका आणि चार्जिंगला तर अजिबात नको. नवी घ्यायची तर सी-एस२ नावाची बॅटरी लागते, ११५० एमएएचची, बाजारात मिळतात त्यातल्या बऱ्याच नकली असतात, ज्याच्याकडे परत घ्यायची तयारी आहे त्याच्याकडूनच घ्या.

मेन नंबर मात्र यात टाकू नका. यूपीआयचं ॲप ज्या फोनवर चालवता त्याच फोनमध्ये ते सिम लागतं, मग भाजीवाल्याकडे पंचाईत. *९९# लावून या फोनवरून पण पैसे पाठवता येतात, पण गर्दीत ते आकडे दाबत बसण्यापेक्षा खिशात नोटा ठेवलेल्या बऱ्या. तेव्हा नवा नंबर घ्या, घरच्यांना आणि चार मित्रांना द्या, स्मार्टफोन घरी ठेवा.

आणि टायपिंगची मजा घ्या. स्पेस दोनदा दाबा, पूर्णविराम पडून पुढचं अक्षर आपोआप कॅपिटल होतं. अक्षर दाबून धरलं तर तेच कॅपिटल. होम स्क्रीनवर क्यू दाबून धरला की फोन व्हायब्रेटवर, सिनेमागृहात खिशात हात घालून न बघता करता यायचं हे. आजच्या काचेवर मी एक ओळ तीन वेळा खोडतो, इथे अंगठ्याला बटण लागतं, विषय संपला. एसएमएस लिहायला याच्याइतका चांगला फोन मी तरी वापरलेला नाही.

प्रश्न : कीबोर्डच्या प्रेमात पडून जुना ब्लॅकबेरी घेतला, विकणारा आता फोन उचलत नाही आणि याला पासवर्ड आहे. काय करू? (कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : चुकीचा पासवर्ड टाकत रहा, खरंच सांगतोय. मधे तो तुला ब्लॅकबेरी हा शब्द इंग्रजीत टाइप करायला लावेल, खिशात चुकून बटणं दाबली जात नाहीयेत ना ते बघायला, तो टाक आणि पुढे जा. साधारण दहा वेळा चुकलं की फोन स्वतःला पुसून कोरा होतो. थोडा वेळ लागतो, मधे बॅटरी काढू नकोस. कोरा झाल्यावरही कॅमेरा किंवा ब्लूटूथ बंदच असेल, नाहीतर नवा पासवर्ड घालच म्हणून मागे लागला, तर तो कुठल्यातरी ऑफिसचा फोन होता असं समज. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी घातलेले नियम फोन पुसला तरी जात नाहीत, ते काढायला कॉम्प्युटरला जोडून वेगळी खटपट करावी लागते. सांगलीच्या काकांनी पण हे तपासा, तुमचा पण ऑफिसचाच आहे. परत देता येत असेल तर तू देऊन टाक आणि पुढच्या वेळी विकणाऱ्यासमोरच कॅमेरा उघडून बघ.

प्रश्न : मी सिंगापूरला असते, बाबांचा ८५२० आठवण म्हणून घेऊन आले. इथलं सिम घातलं तर नेटवर्कच येत नाही, फोन बिघडलाय का? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : फोन ठणठणीत असणार. तिकडे तिन्ही कंपन्यांनी एप्रिल २०१७ मध्येच टूजी बंद केलं, त्यामुळे या फोनला पकडायला काहीच उरलं नाही. बाबांचे जुने मेसेज त्यात असतील तर आधी एकेक उघडून दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. आणि कोणी दुरुस्त करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. सुट्टीला घरी याल तेव्हा इथलं एअरटेलचं सिम घालून बघा, टण्णकन रेंज येईल.