नाशिकमध्ये कमी खर्चात 'फॅमिली स्टडीज'ची पदवी कुठे करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की बारावी होऊन बारा वर्षं झाली, सातपूरला घर आहे, दोन मुलं शाळेत जातात आणि कुटुंब या विषयातच शिकायचंय, पण पैसे बेताचे आहेत. मी लग्नानंतर पदवी आणि मग एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, आता समुपदेशनाचं काम करते. त्या अनुभवावरून सांगते.

'फॅमिली स्टडीज' या नावाने शोधत बसू नका. मी त्यात एक वर्ष घालवलं. आपल्याकडे हा विषय गृहविज्ञान, समाजकार्य आणि समाजशास्त्र यांत विखुरलेला आहे. म्हणून आधी पुढे काय करायचंय ते ठरवा. अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या जाहिरातींत गृहविज्ञान, बालविकास, समाजशास्त्र अशा विषयांचा उल्लेख असतो. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक व्हायचं तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी लागते. एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे पहिली पदवी स्वस्तातली घेतली तरी ती वाट बंद होत नाही.

तुमच्या परिस्थितीत मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायला सांगेन. 1989 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला, तुमच्या घरापासून फार लांब नाही. पुस्तकं मराठीत आहेत, समाजशास्त्र घेता येतं आणि रोज वर्गात बसावं लागत नाही. मला सगळ्यात मोठी बचत तिथेच झाली, कारण शिकताना माझं शिवणकाम सुरू राहिलं. दुपारी मशीन थांबवायची, कापडाच्या गठ्ठ्यावर पुस्तक टेकवायचं आणि मुलं शाळेतून येईपर्यंत वाचायचं. तीन वर्षं असंच चाललं. नोकरीत ही पदवी कमी धरतील ही भीती ठेवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते. मानसशास्त्राचा विचार असेल तर मात्र थांबा: जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून यूजीसीने तो विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे.

रोज कॉलेजला जाणं जमत असेल तर कॉलेज रोडचं एसएमआरके महिला महाविद्यालय बघा. ते मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाशी संलग्न आहे आणि तिथे गृहविज्ञान आहे. समाजकार्यासाठी मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) समाजकार्य महाविद्यालय आहे. तिथे गेलात तर फी विचारताना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या कोणत्या शिष्यवृत्त्या लागू होतात तेही कार्यालयात विचारा. उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. सिटीलिंक बसचं भाडं, प्रॅक्टिकलचं साहित्य, परीक्षा फी हेही खर्चात धरा. फीच्या आकड्यावर जाऊन नंतर अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि हे मनापासून सांगते, एजंटाकडे जाऊ नका. मला एकाने 'एका वर्षात डिग्री, परीक्षेलाही यायला नको' म्हणून अठरा हजार घेतले. ते माझ्या भिशीचे पैसे होते. पावतीवर विद्यापीठाचं नाव नव्हतं, नुसता रबरी शिक्का. ती पावती अजून माझ्या कपाटात आहे. दूरस्थ अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर फुकट बघता येतं. प्रवेशाचा फॉर्म विद्यापीठाच्या साइटवरच भरा.

अजून एक. तुमच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असेल आणि आधारवर सासरचं, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आत्ताच तयार ठेवा. माझा फॉर्म याच कारणाने दोनदा परत आला होता आणि शेवटची तारीख जेमतेम गाठली.