मैत्रिणींच्या मागे पडले का मी?

प्रश्न : ताई, मी ६९ वर्षांची, राहणार नौपाडा, ठाणे. रोज सकाळी आम्ही सहाजणी तलावपाळीला फिरायला जातो. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी एक फेरी मारून कट्ट्यावर बसते, बाकीच्या तीन मारतात. मग शुगर कोणाची किती, बीपीची गोळी कोणाला नाही, हेच बोलणं. घरी येते ती हिरमुसून. मुलगी नोकरीसाठी शांघायला असते. म्हणते, इथल्या आज्या संध्याकाळी चौकात स्पीकर लावून बिनधास्त नाचतात. तिथली वयस्कर माणसं स्वतःला बरोबरीच्यांशी ताडून बघत नाहीत का?

उत्तर : बघतात हो, भरपूर बघतात. ‘माणसाशी माणूस ताडला की रागाने जीव जातो’ अशा अर्थाची म्हणच चिनी भाषेत आहे. आणि तिथल्या सत्तरीच्या पिढीला ताडण्यासारखं फार आहे. १९६६मध्ये तिथली कॉलेजची प्रवेशपरीक्षा बंद पडली, शहरातली लाखो मुलं खेड्यांत शेतावर पाठवली गेली. परीक्षा पुन्हा झाली ती डिसेंबर १९७७मध्ये. बसले सुमारे ५७ लाख, प्रवेश मिळाला जेमतेम २ लाख ७० हजारांना. एकाच वर्गातल्या दोघी, एक प्राध्यापक झाली, दुसरी कारखान्यात लागून पन्नाशीला रिटायर झाली. पेन्शन वेगळी, घर वेगळं. हे सल तिथेही असणारच.

त्यांची दुसरी म्हण मला जास्त आवडते: वरच्यांकडे पाहिलं तर कमी, खालच्यांकडे पाहिलं तर उरून पुरेल. आपण आपल्यासारख्यांशीच स्वतःला मोजतो, असं लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्ये मांडलं. म्हणूनच तर मैत्रिणींच्या तीन फेऱ्या तुम्हाला टोचतात, विशीतल्या पोरांच्या दहा टोचत नाहीत.

माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भेटेल त्या मैत्रिणीच्या हातात सुई-दोरा द्यायची. स्वतःला ओवता आला आणि समोरचीला नाही, की दिवसभर खूश. मी तिला कधी अडवलं नाही. तुलना सोडा, असं मी तुम्हालाही सांगणार नाही. पण ज्या पाचजणींशी तुम्ही स्वतःला ताडता, त्यांच्यातल्या एकीचाही गुडघा बदललेला नाही ना? मग हा हिशोबच चुकीचा आहे.

मुलीला विचारा, त्या चौकात नवीन आलेली बाई कुठे उभी राहते. बहुतेक मागच्या रांगेत, पुढचीच्या पावलांकडे बघत. तिला कोणी हाकलत नाही. आणि फिजिओथेरपीचा जुना कागद काढा. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात वॉकर घेऊन किती पावलं टाकत होता, ते बघा आणि मला कळवा.