आफ्रिकेतील मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या ‘कॅमफेड’ या संस्थेमागे कोण आहे?

कॅमफेडची स्थापना ॲन कॉटन यांनी १९९३ मध्ये केली. १९९१ मध्ये झिंबाब्वेतील मोला या दुर्गम गावी गेल्या असता, मुली शाळेबाहेर राहण्याचे मूळ परंपरेत नसून गरिबीत आहे, कारण फीपुरतेच पैसे असले की घरचे नोकरीची शक्यता अधिक असलेल्या मुलालाच शाळेत धाडतात, असे त्यांच्या ध्यानात आले. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी चक्क केक विकून पैसे उभे केले आणि ३२ मुलींचे शिक्षण सुरू झाले. मात्र माझ्या मते आज संस्थेचा खरा कणा म्हणजे तिच्या माजी विद्यार्थिनी. मदत मिळालेल्या पहिल्या मुलींपैकी अँजेलिन मुरिमिर्वा पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. इतर अनेकजणी गावातील शाळांत जीवनकौशल्ये शिकवतात आणि त्याबदल्यात त्यांना व्यवसायासाठी बिनव्याजी कर्ज मिळू शकते.